शेणावरची काळी, कमरेत आवळलेली, पंख हलवणारी माशी: ओळख हवी (खटाव, जि. सातारा)

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. गोठ्याबाहेर पडलेल्या ताज्या पोवट्यावर या माश्या आहेत. खिलार गाय आणि पंढरपुरी म्हैस, दोघींच्या शेणावर दिसतात. लांबी साधारण ४ मिमी, अंग काळं चकचकीत, डोकं वाटोळं, पोट बुडाशी एकदम बारीक. पंखांच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका. चालताना पंख आळीपाळीने बाहेर फिरवतात. हुसकलं तरी वीतभर लांब जाऊन परत तिथंच येतात.

मोबाईलला क्लिप-लेन्स लावून वरून आणि बाजूने फोटो काढलेत. ओळखीच्या अ‍ॅपने एका फोटोला पिवळी शेणमाशी, म्हणजे स्कॅथोफॅगा स्टेरकोरॅरिया म्हटलंय आणि दुसऱ्याला चक्क मुंगी. अंगाचे कोणते भाग बघितले की नक्की प्रजाती कळेल? आणि ही जनावरांना चावते का? घरच्यांचा पहिला प्रश्न तोच आहे.

भिंगवाला
अ‍ॅपचं सोडून द्या. ते माशीपेक्षा खालचं शेण बघून उत्तर देतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पिवळी शेणमाशी उत्तर गोलार्धातल्या थंड मुलुखाची. नराच्या अंगावर सोनेरी-पिवळी दाट लव असते, मादी हिरवट-करडी, आणि दोघंही शेणावर येणाऱ्या इतर माश्या धरून खातात. तुमच्या फोटोत लव नावालाही नाही.

तुमची माशी सेप्सिडी कुळातली आहे. वाटोळं डोकं, आवळलेली कंबर आणि पंखांची हालचाल बघून पैज लावता येईल, पण पुरावा हवा असेल तर मागचं श्वासरंध्र बघा. माशी बाजूने धरा. पंखाच्या मागे, छातीच्या कडेला संतुलकाची (छोट्या दांडीवरच्या गोळीची) जागा सापडेल. तिच्या जरा खाली आणि पुढे हे रंध्र असतं. सेप्सिडी कुळात त्याच्या मागच्या कडेवर एक किंवा जास्त राठ केस असतात. कुळाची खूण हीच. कंबर दगा देऊ शकते, कारण याच कुळात साल्टेलासारख्या जाडसर, कमर नसलेल्या माश्याही आहेत.

१० पटीच्या भिंगातून हा केस क्वचितच दिसतो. २० पट घ्या, जमलं तर ४० पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप. उजेड समोरून टाकलात तर चकचकीत काळ्या छातीवर नुसती झळक दिसेल. बॅटरी बाजूने, जवळजवळ आडवी धरा आणि मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवा, म्हणजे केस वेगळा उठून दिसतो.

सोबत पंखाची पुढची कड तपासा. सेप्सिडीत ती अखंड असते, कुठंही तुटलेली नसते, आणि तिच्यामागची सबकोस्टा शीर पूर्ण, वेगळी दिसते. तोंडाजवळच्या पाल्पी (सोंडेशेजारच्या बारक्या स्पर्शकांड्या) अगदी नाममात्र असतात.

डोंगरी_शिराळा
कुळाबद्दल +१. मात्र 'पंख हलवते म्हणजे सेप्सिडी' हा नियम करू नका. शेणावर आणि उकिरड्यावर फायसिफोरा नावाची माशीही येते आणि तीही पंख हलवते. तिचं अंग धातूसारखं हिरवट-काळं, डोकं मोठं, कंबर नाही. जिवंत असताना डोळ्यांवर रंगीत पट्टे दिसतात. मेल्यावर, वाळल्यावर ते जातात, म्हणून डोळ्यांचा फोटो जिवंतपणीच काढायचा.

दुसरा घोळ स्फेरोसेरिडी कुळाचा. या बारक्या, गिड्ड्या, काळ्या माश्या शेणाच्या फटीत शिरून बसतात. यांना पकडलं की सरळ मागच्या पायाचं पाऊल बघायचं. माशीच्या पावलात पाच खंड असतात. स्फेरोसेरिडीत मागच्या पायाचा पहिला खंड आखूड आणि फुगलेला असतो, दुसऱ्या खंडापेक्षाही आखूड. इतर बहुतेक माश्यांत पहिला खंड सगळ्यांत लांब असतो. ही खूण १० पटीत स्वच्छ दिसते. शिवाय यांच्या पंखाची पुढची कड तुटक असते.

गोठा_डायरी
जनावरांच्या प्रश्नाचं उत्तर: सेप्सिडी चावत नाहीत. चावण्याजोगी सोंडच नाही. अळ्या शेण खातात, माश्या शेणातला ओलावा चाटतात. यांच्यासाठी गोठ्यात फवारणी करू नका.

शेणात वाढणाऱ्या आणि रक्त पिणाऱ्या माश्या वेगळ्या. लक्ष ठेवायचं तर हिमॅटोबिया आणि स्टोमॉक्सिस यांच्यावर. दोघींची सोंड कडक, पुढे आलेली असते. फरक पाल्पीत आहे: हिमॅटोबियाच्या पाल्पी जवळजवळ सोंडेइतक्या लांब, स्टोमॉक्सिसच्या सोंडेच्या निम्म्याहून आखूड. हिमॅटोबिया ३ ते ४ मिमीची, म्हणजे तुमच्या माशीएवढीच, त्यामुळे गफलत होते. पण ती करडी असते, कंबर आवळलेली नसते, आणि दिवसरात्र जनावराच्या पाठीवर-कुशीवर डोकं खाली करून बसते. फक्त अंडी घालायला, जनावराने शेण टाकताक्षणी खाली उतरते. स्टोमॉक्सिस घरमाशीएवढी, पायांवर बसते, डोकं वर. तिच्या शृंगिकेवरच्या (डोक्यावरच्या मिशीवरच्या) एरिस्टाला, म्हणजे बारीक काडीला, केस फक्त वरच्या बाजूला, पोटावर गडद ठिपके.

जनावराच्या पाठीवर काय बसलंय आणि पोवट्यावर काय फिरतंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही ठिकाणचे नमुने एका बाटलीत घालू नका.

येरळाकाठ
धन्यवाद सगळ्यांना. घरच्यांना सांगितलं, फवारणी रद्द. त्याच पोवट्यावर एक मोठी, चमकदार हिरवी माशीही होती. ती मेलेल्या जनावरावर येते तीच का? तसं असेल तर शेणावर काय करते?

भिंगवाला
तीच असेल असं नाही. हिरवा चमकदार रंग निदान दोन कुळांत आहे. ल्युसिलिया आणि क्रायसोमिया कॅलिफोरिडी कुळातल्या, मांसावर अंडी घालणाऱ्या. निओमिया मात्र म्युसिडी कुळातली, म्हणजे घरमाशीची सख्खी, आणि ती गाईगुरांच्या शेणातच वाढते. जुन्या पुस्तकांत तिला ऑर्थेलिया लिहिलेलं सापडेल. रंगावरून फरक करायला गेलात तर फसाल.

बाजूने बघा. मधल्या आणि मागच्या पायाच्या बुडाच्या वर, मागच्या श्वासरंध्राच्या पुढे, राठ केसांची उभी रांग आहे का? कॅलिफोरिडी आणि सार्कोफॅगिडी, दोन्हींत ती असते. म्युसिडीत नसते. रांग नाही, अंग हिरवं आणि बसलीय शेणावर, तर निओमिया धरून पुढे चाला.

करड्या माश्यांचंही सांगून टाकतो, नाहीतर पुढचा प्रश्न तोच येणार. छातीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट असेल तर सार्कोफॅगिडी. त्यांची प्रजाती नराच्या जननांगाशिवाय ठरत नाही, त्यात वेळ घालवू नका. छातीवर चार पट्टे आणि पंखातली चौथी शीर टोकाकडे कोनात वर वळलेली असेल तर घरमाशी. दोनच ठळक, रुंद पट्टे आणि माशी जनावराच्या-माणसाच्या डोळ्यांशी घोटाळत असेल तर मस्का सॉर्बेन्सच्या गटातली.

कासचा_भटका
थोडं अवांतर. पिवळी शेणमाशी थंडीतली म्हणता, तर महाबळेश्वर किंवा कासला मिळायला काय हरकत आहे? महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे. तिथं म्हशींच्या शेणावर पिवळसर, केसाळ माशी असते.

भिंगवाला
उंची तेवढी पुरत नाही, भटकेसाहेब. मार्च ते मे सह्याद्रीचा माथाही या माशीला गरमच. पण 'नसेल' या गृहीतकावर ओळख ठरवू नये, हेही खरं. तुमची पिवळसर माशी या क्रमाने तपासा.

आधी शृंगिकेच्या दुसऱ्या खंडावर वरून उभी चीर आहे का ते बघा. स्कॅथोफॅगिडी (पिवळ्या शेणमाशीचं कुळ), म्युसिडी, अँथोमायिडी, कॅलिफोरिडी या सगळ्यांत असते. सेप्सिडीसारख्या कुळांत नसते. चीर असेल तर वर सांगितलेली केसांची उभी रांग शोधा. स्कॅथोफॅगिडीत ती नसायला हवी. मग पंख. मागच्या कडेकडे जाणारी गुद-शीर थेट कडेपर्यंत पोचते का? म्युसिडीत ती मध्येच विरते, स्कॅथोफॅगिडी आणि अँथोमायिडीत कडेला भिडते. आता उरलेल्या दोघींत निवड करायला माशी उलटी करून स्कुटेलमची खालची बाजू बघावी लागते. स्कुटेलम म्हणजे छातीच्या मागच्या टोकाचा त्रिकोण. तिथं बारीक उभे केस असतील तर बहुधा अँथोमायिडी, गुळगुळीत असेल तर स्कॅथोफॅगिडी. पंखाच्या बुडाची खालची झडपही स्कॅथोफॅगिडीत खुरटलेली असते. डोळे नर-मादी दोघांतही एकमेकांपासून लांब. अँथोमायिडीच्या नरांत ते बहुधा डोक्यावर जवळ येतात.

स्कुटेलमची खालची बाजू फोटोत कधीच येत नाही. म्हणून नुसत्या फोटोवरून 'पिवळी शेणमाशी' असा शिक्का मारलेली नोंद मी धरत नाही.

आणि एक: कासचा बराच भाग राखीव वनात आहे. तिथं, कोयना अभयारण्यात, चांदोलीत परवानगीशिवाय माशीसुद्धा उचलायची नाही. फोटो काढा, नमुना आपल्या शेतातला घ्या.

चिमटा_आणि_स्लाइड
सेप्सिडीकडे परत येऊ. कुळ ठरलं, प्रजातीचं काय? पंखावरचा ठिपका बघून लोक लगेच 'सेप्सिस' लिहितात. ठिपका जवळच्या इतर जीनसमध्येही (प्रजातींच्या गटांतही) असतो, तेवढ्यावर भागत नाही. प्रजाती ठरते नरावर: पुढचा पाय आणि जननांग. एकट्या मादीवरून बहुतेक वेळा ओळख अडते.

नर कसा ओळखायचा? डोळ्यांवरून नाही, सेप्सिडीत दोघांचे डोळे लांबच असतात. पुढच्या पायाची मांडी बघायची. मादीची मांडी साधी, सडपातळ. नराच्या मांडीच्या खालच्या कडेला, साधारण मध्यावर, उंचवटा, खाच आणि जाड काटे असतात, आणि नडगीवर त्याला जुळणारी खाच. मीलनाच्या वेळी नर या दोन्हींच्या मध्ये मादीच्या पंखाचं बूड अडकवून धरतो. प्रत्येक प्रजातीत काटे किती, कुठं, उंचवटा एक की दोन, हे वेगळं असतं. त्यामुळे हा पाय दोन्ही बाजूंनी बघायचा: पुढून एक फोटो, मागून एक. एकाच बाजूने बघितलं तर एक काटा दुसऱ्यामागे लपतो आणि किल्लीत (ओळखीच्या प्रश्नांच्या यादीत) चुकीच्या फाट्याला वळता. बरेचदा पाय मुडपलेला असतो. ताजी माशी असेल तर कीटकसुईने हळूच सरळ होतो, वाळलेली असेल तर तुटतो. वाळलेली माशी आधी ओल्या वाळूच्या झाकणबंद डब्यात एक रात्र ठेवा, थेट पाणी लागू न देता. बुरशी येऊ नये म्हणून वाळूत थोडं व्हिनेगर.

जननांग पोटाच्या टोकाला, खाली दुमडलेलं असतं. त्यातल्या चिमट्यासारख्या जोडीला सर्स्टायलस म्हणतात. सेप्सिडीत ती वरच्या कवचाला जोडलेलीच असते, वेगळी करायच्या फंदात पडू नका. पोटाचा शेवटचा अर्धा भाग तोडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालायचा. १० ग्रॅम पोटॅश, पाणी घालून एकूण १०० मिली. पोटॅश पाण्यात टाकायचं, पाणी पोटॅशवर ओतायचं नाही, द्रावण तापतं. चष्मा, हातमोजे हवेतच. खोलीच्या तापमानाला रात्रभर पुरतं. मग पाण्यात धुवा, दोन-तीन मिनिटं व्हिनेगरमध्ये, परत पाणी, आणि शेवटी खोलगट स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब. मागून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. १०० पट पुरेल.

कृष्णाकाठ_कराड
रात्रभर कशाला थांबायचं ताई? स्टीलच्या चमच्यात घेऊन गॅसवर एक उकळी आणली की झालं.

चिमटा_आणि_स्लाइड
नका करू, दादा. थेट आचेवर हे द्रावण एकदम उसळी मारतं आणि थेंब डोळ्यात जातो. चमच्याइतक्या द्रावणातलं पाणी क्षणात आटतं, उरतं ते जास्तच तीव्र. त्यात ४ मिमीच्या माशीचं कवच काचेसारखं पारदर्शक होतं, काटे दिसेनासे होतात. घाई असेल तर काचेची नळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा, १० ते १५ मिनिटं, दर दोन-तीन मिनिटांनी बघत. आतलं मांस विरघळलं आणि कवच तपकिरी उरलं की थांबा. ॲल्युमिनियमचं भांडं तर बिलकूल वापरू नका, पोटॅश त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो.

कृष्णाकाठ_कराड
ठीक. मग मारायची कशात? मी सरळ स्पिरिटमध्ये टाकतो.

डोंगरी_शिराळा
पाय आणि जननांग बघायचं तर ७० टक्के अल्कोहोल चालेल. डीएनएसाठी ९५ टक्के, पण त्यात माशी ताठ होते, पाय मोडतात. केसाळ माश्या मात्र अल्कोहोलमध्ये टाकू नका, लव चिकटून बसते आणि रंगाची धूळ निघते. त्यांना डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून केस भिजतात.

४ मिमीच्या माशीच्या छातीतून टाचणी खुपसू नका, जे केस बघायचे तेच जातात. जाड कागदाचा ८-१० मिमी लांब त्रिकोण कापा, टाचणी रुंद बाजूला, आणि टोकावर फेव्हिकॉलचा कण लावून माशीची उजवी बाजू चिकटवा. डावी बाजू पूर्ण मोकळी राहते. फेव्हिकॉल पाण्याने परत सुटतो, झटपट गोंद सुटत नाही.

येरळाकाठ
एक नर मिळाला. २० पटीच्या भिंगातून श्वासरंध्राच्या मागे एक केस स्पष्ट. पुढच्या मांडीखाली खाच, खाचेच्या अलीकडे जाड काटे, नडगीवर वळण. मागच्या नडगीवर, बाहेरच्या अंगाला, लांबट मऊ डाग आहे तो काय? फोटो जोडलेत. पोटाचा भाग पोटॅशमध्ये ठेवलाय.

चिमटा_आणि_स्लाइड
छान फोटो! तो डाग म्हणजे ऑस्मेटेरियम, गंधग्रंथीची जागा. या कुळातल्या बऱ्याच नरांत असते. त्याची लांबी मोजून लिहा, नडगीच्या लांबीच्या प्रमाणात. सध्या सेप्सिसच्या गटापर्यंत जाता येतं. सर्स्टायलसचे दोन्ही फोटो आले की पुढचं. भारतात सगळीकडे दिसते म्हणून कुणी 'सेप्सिस इंडिका' सुचवेल, पण चित्राशी ताडून बघितल्याशिवाय लिहू नका.

माद्यांची जोड हवी असेल तर वाढवून बघा. ताजं शेण, साधारण २०० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या डब्यात २-३ सेंमी ओलसर मातीवर ठेवा. माश्यांना दोन-तीन तास येऊ द्या आणि मग वर मलमलचं कापड बांधा. सेप्सिडीच्या अंड्याला एक लांब, बारीक धागा असतो. अंडं शेणात आणि धाग्याचं टोक पृष्ठभागावर, श्वासासाठी. पिवळ्या शेणमाशीच्या अंड्याला दोन पंखुड्या असतात, त्यामुळे ते बुडत नाही. अंड्यावरूनही तुमच्या अ‍ॅपचा निकाल लागतो.

डोंगरी_शिराळा
माश्या निघाल्याच नाहीत तर दोन कारणं आधी तपासा. एक, शेण सुकलं. तुमच्या भागात मार्चनंतर पोवट्यावर काही तासांत साल धरते, मग अळीला खाली जाता येत नाही. डबा सावलीत ठेवा, कापडावर रोज पाणी शिंपडा, शेणात ओतू नका. दोन, जनावराला आयव्हरमेक्टिन (जंतांवरचं औषध) दिलंय. ते शेणातून बाहेर पडतं. माश्या अशा शेणावर येतात, अंडीही घालतात, पण अळ्या मरतात. औषध दिलेल्या जनावराचं शेण पुढचे काही आठवडे या कामाला घेऊ नका.

गोठा_डायरी
डब्यात मोठ्या अळ्या दिसल्या तर आधी मागचं टोक बघा. लांब नळीची शेपटी असेल तर ती एरिस्टॅलिससारख्या फूलमाशीची, पातळ शेणात, मोरीच्या डबक्यात असते. शेपटी नसेल तर शेवटच्या दोन श्वासचकत्या. इंग्रजी डी अक्षरासारखी, आत नागमोडी चिरा: घरमाशी. लहान, तिकोनी आणि एकमेकींपासून लांब: स्टोमॉक्सिस. खोल खड्ड्यात दडलेल्या, चिरा सरळ: सार्कोफॅगा.

येरळाकाठ
आयव्हरमेक्टिनचं बघावं लागेल, गाईला दिलंय. म्हशीचं शेण घेतो. नमुन्यावर काय काय लिहायचं?

चिमटा_आणि_स्लाइड
महाराष्ट्र, सातारा, खटाव तालुका, गाव, मीटरमध्ये उंची, तारीख, म्हशीचं शेण, पडून झालेला वेळ, गोळा करणाऱ्याचं नाव. 'आज सकाळी' असं नको. कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने किंवा न पसरणाऱ्या शाईने. बॉलपेन अल्कोहोलमध्ये उतरतो. जननांगाची ग्लिसरीनची नळी त्याच टाचणीला लावा, आणि नळीवर आणि माशीवर एकच क्रमांक टाका. दोन माश्यांचे भाग अदलाबदल झाले तर पुढची सगळी मापं वाया.